आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, घर देवगडजवळ. पोर्टफोलिओत कोणते प्रोजेक्ट ठेवू, थीसिस कशावर करू आणि पदवीनंतर लगेच कोकणात परतू का?

तुम्ही तीन प्रोजेक्ट सांगितलेत: देवगडच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, पुण्यातली एक गृहरचना आणि गावासाठी समाजमंदिर. पुढच्या सत्रात ट्रेनिंग, मग थीसिस. मी कुडाळला स्वतःची प्रॅक्टिस करतो. त्याआधी पुण्यात आणि गोव्यात नोकरी केली. ट्रेनिंगसाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येत असतात. तेव्हा हे उत्तर इकडच्या माणसाचं आहे, मुंबईच्या मोठ्या ऑफिसातला कुणी वेगळंही सांगेल.

पोर्टफोलिओ उघडला की मी आधी बघतो, यात पाऊस कुठे आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तोही सरळ पडेल तर शपथ. नैऋत्येकडून आडवा येतो, खिडकीच्या फटीतून आत शिरतो, भिंतीवरून ओघळतो. आणि शीटवर? निळं आकाश, सपाट छप्पर, मजल्याएवढ्या उंच काचा, समोर सूर्यास्त. रेंडर, म्हणजे संगणकावरचं रंगीत चित्र, करणाऱ्याचा हात चांगला आहे एवढंच त्यातून कळतं.

तुमच्या रिसॉर्टचं तसंच असेल असं गृहीत धरून बोलतो. नसेल तर उत्तम. पहिल्यांदा साइटच्या नकाशावर भरतीरेषा काढा. समुद्रकिनारी त्या रेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडखाली, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकाम नियमांखाली येतो, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतात. पुळणीला लागून पक्कं रिसॉर्ट तिथे बसतच नाही. कॉलेजात असे नियम बाजूला ठेवायची मुभा देतात, ठीक आहे. पण मुलाखत घेणाऱ्याने हे विचारलं आणि तुम्ही इमारत मागे माडांच्या बागेत नेऊन दाखवलीत, तर तोच प्रोजेक्ट एकदम वजनदार होतो.

मग खाली काय चाललंय ते दाखवा. पुळणीच्या वाळूत पाणी वरच लागतं. सेप्टिक टँकचा शोषखड्डा आणि पिण्याची विहीर यांत अंतर किती? उन्हाळ्यात विहिरीला खारं पाणी आलं तर काय? आणि काँक्रीट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेला उघडं राहणारं काँक्रीट ‘सिव्हिअर’ वर्गात मोडतं. म्हणजे सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, आणि किमान एम ३० ग्रेड. आपल्याकडे गावात सर्रास एम २० ओततात, कव्हरला खडीचा तुकडा ठेवतात, आणि काही वर्षांत सज्जाच्या खालून गंजलेली सळई बाहेर डोकावते. तुमच्या सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदावर, हा ‘४५’ लिहिलेला दिसला तर मी पोर्टफोलिओची उरलेली पानं शांतपणे बघेन.

रिसॉर्टचं इतकंच. रेंडर एक ठेवा, सेक्शन मोठा ठेवा.

तुमच्या यादीत नसलेली, पण माझ्या मते सगळ्यांत आधी हवी अशी गोष्ट म्हणजे मोजून काढलेलं एखादं जुनं घर. आजोळचं असेल, शेजाऱ्यांचं असेल. रत्नागिरीचा थिबा राजवाडा सगळेच मोजतात. १९१० ची देखणी इमारत आहे, बघावीच. पण तिच्यापेक्षा तुमच्या वाडीतलं साधं जांभ्याच्या चिऱ्याचं घर जास्त शिकवेल. नासाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, लुई कान ट्रॉफीसाठी कॉलेजची मुलं गावंच्या गावं मोजतात, त्यात असाल तर ते काम पुढे आणा. नसाल तर टेप, वही आणि एक मदतनीस घेऊन स्वतः बसा.

मोजताना नुसत्या खोल्यांची मापं नकोत. जोतं अंगणापासून किती उंच, पडवीची जमीन ओटीपेक्षा किती खाली, माजघर आणखी किती वर, हे टप्पे लिहा. पाणी आत येऊ नये म्हणून घर पायरीपायरीने वर चढलेलं असतं. छपराचा उतार मोजा. मंगलोरी कौलांना पुरेसा उतार नसला की वारा पाणी उलटं कौलाखाली ढकलतो. वळचण भिंतीच्या किती पुढे आलीय आणि पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, ती रेघ प्लॅनवर काढा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा तासता येण्याइतका मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, पण सच्छिद्रच राहतो. म्हणून तर वळचण एवढी खाली ओढलेली आणि म्हणून पश्चिमेकडे पडवी. पावसाळ्यात तिच्याही बाहेर झाप बांधतात. न्हाणीघराचं पाणी मागच्या अळवाला, केळीला जातं. चुलीच्या धुराने वरचे वासे कोरडे राहतात, किडीला थारा मिळत नाही. गॅस आला, धूर गेला, आणि जुन्या लाकडाला वाळवी का लागायला लागली याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

अजून एक बघा. जुनी घरं बहुतेक सरळ आयताकृती, दुपाखी किंवा चौपाखी. एल आकाराचा प्लॅन केला की दोन उतार आतल्या बाजूला मिळतात, तिथे पन्हळ घालावी लागते, तीत पाचोळा साचतो आणि श्रावणात ती गळते. स्टुडिओत एल आणि यू आकार फार चालतात. काढायला हरकत नाही, फक्त ती पन्हळ कशी बांधणार आणि साफ कोण करणार, याचा डिटेल सोबत असू द्या.

समाजमंदिर मी पाहिलेलं नाही, पण ते छोटं आहे म्हणता. मग तेच शेवटपर्यंत न्या. प्लॅनपासून वर्किंग ड्रॉइंगपर्यंत, आढ्यापासून गटारापर्यंत. पायापासून छपरापर्यंत समजलेली एक छोटी इमारत मला दहा अर्धवट मोठ्या इमारतींहून प्यारी. गवंड्याच्या हातात दिली तर बांधता येईल अशी एक तरी शीट पोर्टफोलिओत पाहिजेच. गृहरचनेसाठी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला जाऊन या. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे ४५ ते ७५ चौरस मीटरच्या प्लॉटवर, पुढे वाढवता येतील अशी घरं केली. मूळ ड्रॉइंग समोर ठेवा आणि राहणाऱ्यांनी काय काय वाढवलं, पाडलं, झाकलं ते काढा. त्यानंतर तुमचा पुण्याचा प्रोजेक्ट तुम्हीच बदलाल.

आता थीसिस. कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या उघड्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, केंद्र करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. विषय वाईट नाही. बारसू, कशेळी, देवीहसोळ, कुडोपी ही ठिकाणं थोरच आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण तिथे जितकं कमी बांधू तितकं बरं, आणि थीसिसला तर हजारो चौरस मीटरची इमारत लागते. मग सड्यावर ॲम्फीथिएटर उगवतं. करायचंच असेल तर पायवाट, सावली आणि पाण्याचा निचरा एवढंच करा आणि तसं भांडून मंजूर करून घ्या.

मला स्वतःला विचाराल तर कोकणातला आजचा सगळ्यांत मोठा डिझाइनचा प्रश्न छप्पर हाच आहे. गावोगाव बघा. कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधतात, पाचसात पावसांत स्लॅब झिरपतो, मग वर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड मारतात. एका घराला दोन छपरांचा खर्च, आणि दिसायला गोदाम. लोकांना नावं ठेवून उपयोग नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले, माडपोफळी आडव्या झाल्या. ज्याच्या घरात पाऊस थेट माजघरात आला तो माणूस स्लॅबच मागणार. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. मग सुरुवातीपासूनच स्लॅब आणि उतरतं छप्पर असं दुहेरी डिझाइन केलं तर? मधली पोकळी हवेशीर ठेवली तर खालच्या खोल्या थंड राहतील, नारळ-सुपाऱ्या वाळवायला माळाही मिळेल. वासे भिंतीला कसे बांधणार, कडेची कौलं कशी अडकवणार, हे वादळाच्या हिशेबाने काढा. यावर एक पूर्ण थीसिस सहज उभा राहतो.

दुसरा विषय चिपळूणच्या बाजारपेठेचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, दुकानांतला माल गेला. खाली दुकान, वर घर, मध्ये माल चढवायला पोटमाळा, पाण्यात टिकेल असा तळमजला. पण यासाठी महिनाभर तरी तिथे जाऊन बोलायची तयारी हवी. नसेल तर घेऊ नका.

नोकरीकडे येतो. पदवीनंतर लगेच परतू नका. इथे काम आहे, पण शिकवायला कुणी मोकळं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मध्यम आकाराच्या ऑफिसात काढा, जिथे ड्रॉइंग तुम्ही काढाल आणि साइटवरही तुम्हीच जाल. ट्रेनिंगच्या मुलाखतीतही स्टायपेंड विचारा, तो तुमचा हक्क आहे, आणि सोबत हेही विचारा: मला साइटवर नेणार का, वर्किंग ड्रॉइंग करायला मिळतील का? उत्तरात टाळाटाळ दिसली तर ऑफिस कितीही नावाजलेलं असो, सहा महिने थ्रीडी करत बसाल. पुण्या-मुंबईच्या जोडीने गोव्याचाही विचार करा. चिरा, कौलं, जुन्या घरांची दुरुस्ती हे काम तिथे गंभीरपणे करणारी ऑफिसं आहेत आणि हवा आपलीच आहे. पदवी हातात आली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लगेच करून टाका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, आणि गावात ते कुणी विचारत नाही म्हणून टाळणारे आहेत.

परत आल्यावर काय वाढून ठेवलंय तेही ऐका. तुमचा पहिला क्लायंट बहुधा मुंबईचा चाकरमानी असेल. तो म्हणेल, “गणपतीक घर तयार व्हया.” सातबारावर काका, आत्या, चुलत भावंडं मिळून पंधरा नावं, त्यांतली निम्मी बोरिवली-विरारला. संमती मिळेपर्यंत तुमचा उत्साह जिरेल, म्हणून संमतिपत्र हातात आल्याशिवाय पुढचं ड्रॉइंग काढायचं नाही. “नकाशा पास करून द्या, बाकी आमचा गवंडी बघेल” असं म्हणणारे भेटतील. त्यांना हाकलू नका, पण नकाशाची फी वेगळी, डिझाइनची वेगळी आणि साइटवर येण्याची वेगळी, असं पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्या. तोंडी ठरलेली फी शिमग्यापर्यंत विसरली जाते. युडीसीपीआर ही बांधकाम परवानगीची २०२० ची नियमावली मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे. ती नोकरीत असतानाच वाचून काढा. इथे आलात की वाचायला वेळ मिळत नाही.

कामाचा हंगाम दिवाळी ते मे. पावसात चिऱ्याच्या खाणी पाण्याने भरतात, माल मिळत नाही, जोत्याचं खणलेलं पुन्हा बुजतं. म्हणून ड्रॉइंग पावसाळ्यात पुरी करायची आणि दसऱ्याला लाइनआउट, म्हणजे जागेवर पायाची आखणी, टाकायचा. माजघरात गणपतीची भिंत आणि वर माटवी, म्हणजे गणपतीवरची सजावटीची चौकट, बांधायला कड्या, हे प्लॅनमध्ये आधीच दाखवलंत तर घरातल्या बायका तुमच्या बाजूने होतात, आणि मग बाकीचा प्लॅनही मंजूर होतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत.

सध्या एवढं करा. मेच्या सुट्टीत घर मोजा. जुलैत एक चांगला पावसाचा दिवस धरून त्याच घरात परत जा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठली भिंत ओली होते ते त्याच सेक्शनवर निळ्या पेनाने काढा. अंगणात उभं राहून काढायचं, म्हणून छत्री धरायला कुणाला तरी सोबत न्या. ती शीट पोर्टफोलिओत पहिली लावा.