गाणं कुठे आहे, ताई?

गेल्या अंकात 'ब्राइट साइज लाइफ' या जॅझ अल्बमबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी 'ऐका, आणि जसं वाटलं तसं कळवा' असं म्हटलं होतं. तुम्ही कळवलंत. काहींनी भरभरून, काहींनी रागावून. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून फक्त या अल्बमवरची पत्रं घेते आहे.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाजवणारे तिघंच. गिटारवर पॅट मेथिनी, बेसवर जाको पास्टोरियस, ड्रम्सवर बॉब मोझेस. डिसेंबर 1975 मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सबुर्ग गावात रेकॉर्डिंग झालं आणि 1976 मध्ये ईसीएम या म्युनिकच्या कंपनीने ते बाहेर काढलं. मेथिनी तेव्हा 21 वर्षांचा होता आणि त्याच्या नावावरचा हा पहिला अल्बम. आठ ट्रॅक, साधारण 37 मिनिटं.

*ताई, सप्रेम नमस्कार. चाळीस वर्षं ख्याल ऐकतो आहे. तुम्ही सांगितलेला अल्बम चार वेळा ऐकला. वाजवणारे तयारीचे आहेत, यात शंका नाही. पण गाणं कुठे आहे? आधी एक चाल वाजते, मग जो तो आपापल्या वाटेने जातो, शेवटी पुन्हा तीच चाल. सम काही मला चारही वेळा सापडली नाही.*
*— निवृत्त मुख्याध्यापक, सांगली*

सर, न आवडलेली गोष्ट चार वेळा ऐकलीत, याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, म्हणून उत्तर जरा लांबवते.

आवर्तन, म्हणजे मात्रांचा ठरलेला फेरा, इथेही आहे. फरक एवढाच की ते मात्रांबरोबर कॉर्ड्सनी, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांनी, बांधलेलं असतं. सुरुवातीला जी चाल वाजते तिच्याखाली या जुड्या ठरलेल्या क्रमाने बदलत जातात. चाल संपली की क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि त्याच क्रमावर वाजवणारा नवी चाल रचत जातो. जॅझमधल्या पुष्कळ जुन्या चाली 32 खणांच्या, प्रत्येक खणात चार मात्रा. म्हणजे एक आवर्तन 128 मात्रांचं. संथ लयीतला विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला याचं भय वाटायचं कारण नाही. या अल्बममधल्या सगळ्याच चाली त्या मापाच्या नाहीत, पण तत्त्व तेच.

मग तुम्हाला सम, म्हणजे त्या फेऱ्याची पहिली मात्रा, का सापडली नाही? कारण इथे पियानो नाही. पियानो असला की तो प्रत्येक जुडी स्पष्ट उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत राहतं. गिटार एकट्याने चाल वाजवायला लागली की जुड्या उच्चारणारं कुणी उरत नाही. त्या नुसत्या सुचवल्या जातात. तबल्याचा 'धा' जसा समेवर हात धरून नेतो, तसं ड्रम्सवाला इथे करत नाही. तो ठेका धरतो तसाच मोडतोही. ही मोकळी राहिलेली जागा हाच मला या अल्बमचा जीव वाटतो, आणि नवख्या कानाला चकवा लागतो तोही तिथेच.

माझा उपाय असा. पहिला ट्रॅक लावा आणि फक्त सुरुवातीची चाल पाठ करा. आठवडा लागला तरी चालेल. मग गिटारचा विस्तार सुरू झाला की ती चाल मनातल्या मनात गुणगुणत राहा, अगदी पहिल्या सुरापासून, न थांबता. मेथिनी वर काहीही वाजवत असो, तुम्ही चाल सोडायची नाही. एक जागा अशी येते की तुमची चाल आणि त्यांचं वाजवणं एकाच वळणावर भेटतं. तीच तुमची सम.

हे मला कुणी शिकवलं नाही. माझा मामेभाऊ बोटीवर होता. 1984 मध्ये त्याने हॅम्बुर्गहून या अल्बमची कॉपी केलेली कॅसेट आणली. वर ना नाव, ना ट्रॅकची यादी. आमच्या टेपरेकॉर्डरने दुसऱ्या बाजूची टेप शेवटाकडे चावली, ती पेन्सिलीने गुंडाळून सरळ केली तरी तेवढा भाग कायमचा चिरका झाला. त्यामुळे मी पहिलीच बाजू वर्षभर ऐकत राहिले. भाकरी थापताना चाल तोंडात असायची. एका संध्याकाळी तवा तापत होता, मी गुणगुणत होते, आणि टेपमधली गिटार माझ्याच जागेवर येऊन उभी राहिली. भाकरी करपली. तुम्हालाही ती संध्याकाळ लाभावी, असं फार वाटतं.

*ताई, मी चर्चच्या क्वायरला आणि लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. तुमचा लेख वाचून अल्बम ऐकला आणि दोन रात्री झोप नाही. एकच विचारतो. हा अल्बम गिटारवाल्याचा की बेसवाल्याचा?*
*— मडगाव*

दादा, कव्हरवर नाव गिटारवाल्याचं आहे आणि बहुतेक चालीही त्याच्याच. पण तुम्हाला झोप का लागली नाही ते मला कळतं.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं घर होतं. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर बसून पडदे बांधणं बघायचे. सतारीचा पडदा दोऱ्याने दांडीला बांधलेला असतो, तो सरकवता येतो. कारागीर एक पडदा केसभर वर घ्यायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, परत केसभर खाली. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायची तर तार पडद्यावर आडवी ओढायची. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, मात्र लाकडात ठोकलेले असतात. सूर ठरलेल्या जागीच. बेस गिटारचंही तसंच.

जाकोच्या बेसला फ्रेटच नाहीत. फेंडर कंपनीच्या 'जॅझ बेस' गिटारचे फ्रेट काढलेले, आणि पट्टीवर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर. तार लाकडाला न लागता त्या काचेसारख्या थरावर दाबली जाते, म्हणून सूर लवकर विझत नाही आणि बोट सरकलं की तो सलग वाहतो. सारंगीत नखाने तार अडवतात तेव्हा जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी. पहिल्या ट्रॅकमध्ये गिटारनंतर बेसचा विस्तार येतो, तो गाणाऱ्या माणसाकडून शिकल्यासारखा ऐका. कुठला सूर खालून घेतलाय, कुठला थेट लावलाय, कुठे सूर लागल्यावर थोडा हलवलाय. फ्रेट नसले की बोट चुकलं तर बेसूर, मधे तिसरी सोय नाही. 24 वर्षांचा मुलगा त्या धारेवर इतका निवांत चालतो.

आणि साथ करताना ऐका. तो नुसता खालचा सूर धरून बसत नाही. मेथिनीने वाक्य संपवलं की उरलेल्या जागेत दोन-चार सूर ठेवतो आणि लगेच बाजूला होतो. तुम्ही लग्नात वाजवता, तेव्हा गाणारा श्वास घेतो त्या क्षणी हे करून बघा. जास्त नको, एकदाच.

1987 मध्ये तो गेला, वयाच्या 35व्या वर्षी. हे लिहिताना दर वेळी हात थांबतो.

*ताई, 1978 मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सना प्रत्यक्ष ऐकलेला मी माणूस. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा जॅझ नव्हे. यात स्विंग नाही, ब्लूज नाही. गुळगुळीत, स्वच्छ, थंड. तिघांची ट्रिओ ऐकायची तर गिटारवाल्या वेस मॉन्टगोमेरीची 1959ची ऐका.*
*— दादर, मुंबई*

काका, राग कसला? ज्याने रोलिन्सना समोर बसून ऐकलंय त्याच्या कानांचा मला हेवाच वाटतो. 1959चा वेसचा अल्बम माझ्याही कपाटात आहे. त्यात मेल्विन राइनचा ऑर्गन आणि पॉल पार्करचे ड्रम्स, बेसवाला नाहीच. ऑर्गनने सगळी खोली भरलेली असते आणि वेस नुसत्या अंगठ्याने वाजवत त्यातून वाट काढतो. ती ऊब इथे नाही, हे मान्य. ड्रम्सही या रेकॉर्डिंगमध्ये मागे पडलेत असं मला नेहमी वाटत आलंय. मोझेस झांजांवर फार नाजूक काम करतो आणि ते हेडफोनशिवाय नीट पोचत नाही.

पण 'जॅझ नव्हे' हे मला पटत नाही. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग लांब-आखूड पडतात, त्यातून तो झोका येतो. इथे ते बरेचदा समसमान पडतात, म्हणून तुम्हाला झोका लागला नाही. स्विंग येत नाही म्हणून त्यांनी तसं केलेलं नाही. मेथिनी अमेरिकेच्या मिझूरी राज्यातल्या लीज समिट गावचा, कॅन्सस सिटीच्या अगदी शेजारचा. जॅझमधले थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ज्या शहरात वाढले, काउंट बेसींचा बँड जिथे उभा राहिला, तिथल्या क्लबांत तो शाळकरी वयात वाजवत होता. वेस तर त्याचं दैवत. तो पाठ गिरवत बसला असता तर आणखी एक वेस झाला असता, मूळच्याहून कमीच. त्याने आपल्या मुलखाकडे बघितलं. ट्रॅकची नावंच पाहा, मिझूरी, ओमाहा, युनिटी व्हिलेज, मिडवेस्टर्न नाइट्स. सपाट मुलूख, लांब रस्ते. चालींमधले सूर एकमेकांपासून दूरदूर उड्या घेतात, ते मला त्या मुलखाचंच रूप वाटतं.

एक विनंती. अल्बम शेवटून सुरू करा. शेवटच्या ट्रॅकमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या दोन चाली जोडल्यात, 'राउंड ट्रिप' आणि 'ब्रॉडवे ब्लूज'. तिथे तिघंही बाह्या सरसावून उतरतात. तुमचा ब्लूज, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांचा तो बाज, तिथे सापडेल, असं मला वाटतं.

आणि तुमच्यासाठी दुसरा एक अल्बम सुचवते. 'जिम हॉल लाइव्ह!'. तोही 1975चाच, जूनमध्ये टोरोंटोच्या बूर्बन स्ट्रीट क्लबमधला. बेसवर डॉन थॉम्पसन, ड्रम्सवर टेरी क्लार्क. रोलिन्सच्या 1962च्या 'द ब्रिज' या अल्बमवर गिटार वाजवणारे ते हेच हॉल, म्हणजे माणूस तुमच्या ओळखीचा आहे. 'अँजल आइज' लावा आणि हॉल किती सूर वाजवत नाहीत तेवढंच ऐका. एकाच वर्षात, सहा महिन्यांच्या अंतराने, गिटार ट्रिओच्या दोन एवढ्या वेगळ्या गोष्टी रेकॉर्ड झाल्या. मेथिनी हॉलना फार मानायचा आणि 1999 मध्ये दोघांचा मिळून अल्बमही आला. त्या दोघांना एकमेकांत परकं काही वाटलं नाही. तेवढ्यावर तरी आपण दोघं एकदा चहा घेऊ.

*ताई, मी 19 वर्षांचा, दोन वर्षं गिटार शिकतोय. तो आवाज कसा काढायचा? क्लासमध्ये सांगितलं की वीस-पंचवीस हजारांचे पेडल घेतल्याशिवाय होणार नाही.*
*— कोल्हापूर*

बाळा, पैसे खिशातच ठेव. मेथिनीचा तो झुळझुळणारा, दोन्हीकडून पसरलेला आवाज नंतरच्या वर्षांतला. या अल्बमवरचा बराच कोरडा आहे. मुख्य म्हणजे पोकळ पेटीची गिब्सन गिटार, अँपचा टोन थोडा खाली घेतलेला, आणि हलकं प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पट्टी. तुझ्याकडे जी गिटार आहे तिचा दांडीकडचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, लाव, टोनचं बटण निम्म्यावर आण. मग पहिल्या चालीचे चार खण आधी तोंडाने म्हण. म्हणता येईस्तोवर गिटारला हात लावू नको. त्यातले सूर लांब उडीचे आहेत, गळ्याला जड जातील. गळ्यातून गेले की बोटांना कळतं कुठला सूर धरून ठेवायचा आणि कुठला सोडायचा. तो आवाज मुख्यतः त्या सोडण्यात आहे.

क्लास सोडू नको, पण पुढच्या वेळी सरांना हा अल्बम सोबत बसून ऐकायला सांग.

*ताई, मी नर्स आहे. रात्रपाळीला पहाटे तीन-साडेतीनला वॉर्ड शांत झाला की तिसरा ट्रॅक लावते. एकाच कानात इयरफोन घालते, दुसरा कान पेशंटकडे. संगीतातलं मला काही कळत नाही, पण तो ट्रॅक लागला की डोळे भरून येतात. त्यात दुसरा गिटार वाजवणारा कोण आहे?*
*— जळगाव*

दुसरा कुणी नाही. तोच आहे. 'युनिटी व्हिलेज'मध्ये बेस नाही, ड्रम्स नाहीत. मेथिनीने आधी एक गिटार रेकॉर्ड केली आणि मग ती ऐकत तिच्यावर दुसरी वाजवली. लीज समिटला लागूनच त्या नावाचं छोटं गाव आहे. 21 वर्षांचा मुलगा परदेशातल्या स्टुडिओत, घराशेजारच्या गावाच्या नावाची चाल, स्वतःच स्वतःला साथ करत वाजवतोय. तुमचे डोळे भरून येतात, त्यात न कळण्यासारखं काय राहिलं?

फक्त एक करा. स्टीरिओमध्ये डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं पाठवलेलं असतं, त्यामुळे एकाच कानाने ऐकताना काही भाग निसटतो. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे 'मोनो ऑडिओ' असं बटण असतं. ते चालू करा. मग दुसरा कान वॉर्डाकडे ठेवूनही दोन्ही गिटार पूर्ण ऐकू येतील.