प्रवाससल्ला : तुर्कमेनिस्तानचं निमंत्रणपत्र

प्रश्न : आम्ही नवरा-बायको उझबेकिस्तानला निघालोय. बुखाऱ्याहून तुर्कमेनिस्तानात जाऊन मर्व्ह हे प्राचीन पडकं शहर आणि दरवाझाचं जळतं विवर बघायचं, परत ताश्कंदला यायचं, असा बेत आहे. व्हिसाचा अर्ज दिल्लीच्या वकिलातीत करायचा का? ताश्कंदचं तिकीट स्वस्त मिळतंय, काढून टाकू? यजमान वर्तमानपत्रातून निवृत्त झालेत, त्याची अडचण येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकिटाला एवढ्यात हात लावू नका. वकिलातीचंही नंतर बघू. आधी तिथल्या परवानाधारक प्रवास कंपनीकडे गाईडसकट सहल ठरवावी लागते. ती कंपनी तुमचे कागद स्थलांतर खात्याकडे पाठवते आणि मंजुरी आली की निमंत्रणपत्र मिळतं. यात काही आठवडे सहज जातात. कधी नकार येतो. कारण विचारायची सोय नाही.

पत्र हातात असलं की व्हिसा सरहद्दीवरही मिळतो. तुम्हाला बुखाऱ्याहून शंभरेक किलोमीटरवरचा फाराबचा नाका सोयीचा. शुल्क रोख डॉलरमध्ये भरायचं, म्हणून नोटा कोऱ्या करकरीत न्या.

नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे बाईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मधलं नाव कुठे आहे, कुठे गळालेलं. अर्जात फक्त पासपोर्टवरचं, अक्षरन्‌अक्षर तेच.

यजमानांचं म्हणाल, तर पत्रकार म्हटलं की तिथे भुवया उंचावतात. तरी लपवाछपवी नको. कंपनीला पहिल्याच मेलमध्ये सांगून टाका, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही : तुम्ही उझबेकिस्तानात दोनदा शिरणार आहात. त्यांचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण अर्जात दोन प्रवेशांचा पर्याय निवडा. एकाच प्रवेशाचा घेतलात तर परतताना फाराबलाच अडकाल, आणि इकडे तुर्कमेनी व्हिसाची तारीख संपत आलेली असेल.

विवराची आग हल्ली बरीच मंदावलीय, जुने फोटो बघून जाऊ नका. मी तर म्हणेन, एक दिवस तिथला कापा आणि मर्व्हला द्या. सुलतान संजरची बाराव्या शतकातली कबर तिथे आहे. मुक्काम जवळच्या मारी शहरात करा.