खेळण्यातलं पात्र कशानं ठरतं: साच्यानं, रंगानं की नावानं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एकाच मालिकेतलं पात्र दर काही वर्षांनी नव्या अंगाचं, नव्या रंगाचं येतं, तर त्यातलं खरं कुठलं? आणि मुलाला जुने जी.आय. जो, म्हणजे हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीचे सैनिक बाहुले, घ्यायचे तर अमेरिकेतलेच शोधावेत, की भारतात बनलेलेही चालतील? मी लिहायला बसलो तो दुसऱ्या प्रश्नामुळे, पण पहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

पात्र असतं खेळण्याच्या वेष्टनाच्या पुठ्ठ्यामागे छापलेल्या मजकुरात. ट्रान्सफॉर्मर्सचंच बघा, म्हणजे गाडी-विमानाचे रोबो होतात ती खेळणी. ती खेळणी आधी जपानमध्ये ताकारा कंपनी 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' या मालिकांत विकत होती. डायाक्लोनमधले रोबो म्हणजे नुसती यंत्रं, आत चिमुकला माणूस बसून ती चालवायचा. १९८४ साली हॅस्ब्रोने तीच खेळणी अमेरिकेत आणली आणि नावं, स्वभाव लिहायचं काम मार्व्हल या कॉमिक कंपनीकडे दिलं. ट्रकचा रोबो होतो त्या ऑप्टिमस प्राइमचं नाव डेनी ओ'नील यांनी दिलं, बाकी बहुतेकांची नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. प्लास्टिक तेच राहिलं, आणि एका परिच्छेदानं त्या ट्रकचा सेनापती झाला. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन विमानं एकाच साच्यातली, फक्त रंग वेगळे. तरी स्टारस्क्रीम कोण आणि स्कायवार्प कोण, यात कुठल्याही पोराचा घोळ होत नाही.

साचा महाग असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरला जातो. मॅटेलने ही-मॅनचा वाघ स्वतःच्याच जुन्या 'बिग जिम' मालिकेच्या वाघाच्या साच्यातून काढला होता. १९८२ साली आलेल्या छोट्या जी.आय. जो बाहुल्यांच्या पहिल्या तुकडीत क्लच, ब्रेकर आणि रॉक अँड रोल यांचं दाढीवालं डोकं एकच आहे, केसांचा रंग तेवढा बदललेला. त्याच तुकडीतला स्नेक आइज सगळा काळा, कारण रंगकामाचा खर्च वाचवायचा होता. चेहरा नाही, रंग नाही. पण जी.आय. जोचं कॉमिक लिहिणाऱ्या लॅरी हामा यांनी त्याला बोलता न येणारा, भूतकाळ गुप्त असलेला सैनिक केलं आणि मालिकेतलं सगळ्यात लाडकं पात्र उभं राहिलं. कॉमिक लिहिताना पात्रं लक्षात राहावीत म्हणून हामा स्वतःसाठी नोंदी ठेवत. त्याच पुढे पुठ्ठ्यामागे फाइल कार्ड म्हणून छापल्या गेल्या.

आता आपल्याकडचं. हॅस्ब्रोच्या परवान्यानं भारतात जी.आय. जो बनवले फनस्कूल कंपनीने, आणि ते बनायचे आमच्या गोव्यात, खोर्लीला. फोंड्याहून पणजीला बसने जाताना जुन्या गोव्याच्या अलीकडे लागते ती खोर्ली. माझी मावशी तिथे कामाला होती. रंगकामाच्या टेबलावर बसायची, डोळे आणि पट्टे रंगवायचं काम. माशेलला आमच्या घरी आली की माझे बाहुले उचलून आधी डोळे बघायची.

माझा मामेभाऊ वास्कोचा. मामा बोटीवर, त्यामुळे त्याच्याकडे सगळे जो अमेरिकेतले. एका चवथीला सगळे घरी जमलेले, आणि त्यानं माझा बीचहेड, म्हणजे जी.आय. जोमधलाच एक सैनिक, हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की हा डुप्लिकेट आहे, याचा हिरवा रंग चुकीचा आहे. मावशी तिथेच करंज्या भरत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. मला राग आला तो तिच्यासाठी.

मी आतून बारका स्क्रू-ड्रायव्हर आणला. या बाहुल्यांच्या पाठीत एकच स्क्रू असतो आणि कमरेत रबराची रिंग, तीच वरचा आणि खालचा भाग धरून ठेवते. मी दोन्ही बीचहेड उघडले, त्याचे पाय माझ्या धडाला लावले, माझे त्याच्या धडाला. केसभरही फरक पडला नाही. पडणार कसा? हॅस्ब्रोचे साचे देशोदेशी फिरत होते. ब्राझीलमध्ये इस्त्रेला कंपनीकडे गेले, अर्जेंटिनात प्लास्टिरामा कंपनीकडे गेले, तसेच आपल्याकडे आले. कार्डावरही बीचहेडचं खरं नाव तेच, वेन स्नीडन, तेच अलाबामातलं ऑबर्न गाव. डोकं तेच, अंग तेच, मजकूर तोच. राहिला हिरव्या रंगाचा प्रश्न, आणि १९८६ च्या बीचहेडचा हिरवा हाच खरा असं ठरवणारा माझा मामेभाऊ कोण?

तो अजून मानत नाही. आता मोठा संग्राहक झालाय, घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो, आणि भारतीय बाहुले वेगळ्या कप्प्यात 'व्हेरिएंट' म्हणून ठेवतो. माझं म्हणणं सरळ आहे. स्टारस्क्रीम निळा केला की थंडरक्रॅकर होतो, कारण कार्ड बदललेलं असतं. कार्ड तेच ठेवून रंग बदलला तर पात्र तेच राहतं. खोर्लीत रंगवलेला बीचहेड हा बीचहेडच.

नावांबद्दल थोडक्यात: ट्रेडमार्क वापरात राहिला नाही तर हातून जाऊ शकतो, म्हणून कंपन्या जुनं नाव नव्या अंगावर चढवतात, आणि नाव हातात नसलं की तोच स्वभाव दुसऱ्या नावानं आणतात. ट्रान्सफॉर्मर्सच्या २००२ च्या मालिकेतला पिवळा, उतावळा हॉट शॉट बघा, जुन्या पिवळ्या बंबलबीची जागा त्यानंच घेतली होती. इथेही स्वभाव आधी, नाव मागून.

एक सांगायला हवं. जत्रेच्या फेरीत पिशवीत मिळायचे ते बाहुले यात धरू नका. ते बाहुल्यावरून उतरवलेल्या साच्यातले, सांधे सैल, कार्ड नाही. बार्बीलाही माझा नियम लागत नाही. तिथे नाव एकच राहतं आणि पेशा बदलतो, तो वेगळा विषय आहे.

मुलासाठी भारतीयच घ्या. घेताना अंगठे आधी बघा, बंदूक घालताना तेच तुटतात. कमरेतली रिंग वाळलेली असेल तर घाबरू नका, नवी घालता येते. फाइल कार्ड मिळालं तर दोन पैसे जास्त द्या आणि मुलाला ते वाचून दाखवा. कुणी डुप्लिकेट म्हणालं तर पाठीतला स्क्रू काढून दाखवा.