कॅप्सूल घेऊ, की ताक पिऊ?

प्रश्न : डॉक्टर, मी ३४ वर्षांची, वारज्यात राहते. वर्षभरापासून अंगावरून पातळ, पांढुरकं जातं. खाज नाही, पण वास येतो आणि संबंधांनंतर तो वाढतो. दर वेळी केमिस्टकडून एक गोळी आणते, जरा बरं वाटतं, पुन्हा तेच. ऑफिसातली मैत्रीण प्रोबायोटिक कॅप्सूल घे म्हणते. महिन्याला हजाराच्या वर जातात. सासूबाई सांगतात, ताक पी आणि तुरटीच्या पाण्याने आतून धू. काय करू? यात नवऱ्याचा काही संबंध असतो का?

उत्तर : कॅप्सूल आणण्याआधी एकदा तपासून घ्या. तुमच्या पत्रात तपासणीचा उल्लेखच नाही. लक्ष्मी रोडवर एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण बायका या दुखण्यावर मात्र काउंटरवरचा मुलगा देईल ती गोळी निमूट गिळतो. ती गोळी बुरशीवरची, म्हणजे फ्लुकोनॅझोल असेल, तर तुमच्या त्रासावर तिचा उपयोग नाही. खाज नाही आणि वास आहे, म्हणजे मला बॅक्टेरियल व्हजायनोसिसची, योनीतल्या जंतूंचा तोल बिघडून होणाऱ्या आजाराची, शंका येते.

तपासणीला फार वेळ लागत नाही. स्राव कागदी पट्टीला लावून पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, बघायचा, ४.५ च्या वर गेला, की आम्लता घटलेली. काचपट्टीवरच्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं, की मासळीसारखा वास सुटतो. (वासाबद्दल लिहिताना संकोचू नका, आमचं अर्धं निदान त्यावरच होतं.) मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. निरोगी पेशीची कड स्वच्छ दिसते. इथे ती जंतूंनी भरलेली असते, अनारशाला खसखस चिकटावी तशी. पाळी चालू असताना येऊ नका आणि आधीचे दोन दिवस संबंध टाळा, नाहीतर पट्टी फसवते.

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते कमी झाले, की गार्डनेरेला आणि तिचे सोबती माजतात. अस्वच्छतेचा हा आजार नव्हे. उलट तुरटी, साबण किंवा सुगंधी वॉश आत गेले, तर आहेत ते लॅक्टोबॅसिलसही जातात. बाहेरून साधं पाणी पुरे.

उपचार म्हणजे मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ सात दिवस, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. तोंडाला लोखंडासारखी चव येते, म्हणून तिसऱ्या दिवशी वास थांबला की अनेकजणी गोळ्या सोडतात. तसं करू नका. दिवस राहिले असतील तर आधी सांगा. गरोदरपणात या आजाराचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंध आढळला आहे.

आता कॅप्सूल. कल्पना चुकीची नाही. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेट्रोनिडाझोलनंतर २२८ जणींपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची पावडर योनीतून दिली, बाकीच्यांना नुसतीच पावडर. बारा आठवड्यांत आजार उलटला तो पहिल्या गटात ३० टक्के जणींना, दुसऱ्यात ४५ टक्के जणींना. पण हे नीट वाचा : जंतू क्रिस्पॅटस, मार्ग योनीचा, आणि तोही औषधाचा कोर्स झाल्यावर. मैत्रिणीच्या बाटलीचं लेबल बघा. तिथे बहुधा ॲसिडोफिलस, रॅमनोसस, रुटेरी अशी नावं असतील, आणि कॅप्सूल पोटात जाणार. त्यांचे पुरावे तुटपुंजे आणि उलटसुलट आहेत. घेतल्यात तर सहसा अपाय नाही, पण औषधाच्या जागी घेऊ नका. दही-ताकातले जंतू आणखी वेगळे. ताक जेवणानंतर खुशाल प्या. दही मात्र आत लावू नका.

नवऱ्याचा संबंध असतो. आम्ही कितीतरी वर्षं 'नसतो' असंच सांगत आलो. मात्र २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे पत्नीबरोबर जोडीदारालाही आठवडाभर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. तुमचा त्रास वारंवार होणारा आहे, त्यामुळे निदान पक्कं झालं तर तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. यावरून कुणाचं बाहेर काही आहे, असा अर्थ मात्र काढू नका. 'मला काय झालंय?' असं ते म्हणतीलच. पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात सोबत न्या. बायकोने सांगितलेलं पटत नसेल, तरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं की बहुतेक नवरे मुकाट घेतात.