आठवणीतून शहर काढताना

मोबाइलवरचा नकाशा आधी बंद करा. कोरा कागद घेऊन घरापासून सुरुवात करा. उत्तर दिशा, प्रमाण वगैरे सोडून द्या. रोजची वाट हात आपसूक ठसठशीत काढतो, काढू द्या.

अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये मनातल्या शहराचे पाच घटक मांडले: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. यातल्या कडा नवखे हमखास विसरतात. नदी, रेल्वेरूळ, मोठी भिंत, जिथे पाय अडतो ती रेघ नक्की काढा. तिरक्या रस्त्यांचे काटकोन झाले तरी खोडू नका. आणि कोरी राहिलेली जागा मुळीच भरू नका. तिथे तुमचं जाणंच झालेलं नाही, ही मला सगळ्यात मोलाची नोंद वाटते.

छापील नकाशाशी ताडून बघायचं ते शेवटी, फरक वेगळ्या रंगाने टिपत.