एफडी मोडून बोअर मारू का?

गोव्यातल्या पेडण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची चिऱ्याची विहीर एप्रिलात आटते. मग पाऊस येईपर्यंत नऊ टँकर, प्रत्येकी सोळाशे रुपये. बोअरचं कोटेशन केसिंग (वरच्या थरात बसवायचा पाइप) आणि पंपासह 1 लाख 80 हजार. यवतमाळकडच्या वणीला राहणाऱ्या भावाला दोनशे फुटांवर धो धो पाणी लागलं, तेव्हा 7 टक्क्यांची एफडी मोडावी का?

ताई, टँकरचे होतात वर्षाला 14,400. बोअरच्या 1 लाख 80 हजारांवर एफडीचं व्याज वर्षाला 12,600. म्हणजे पाणी लागलं तरी वाचले 1,800, आणि त्यातूनच पंपाचं वीजबिल भरायचं. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. आणि बोअर कोरडी गेली तर? ड्रिलवाला पैसे फुटाचे घेतो, पाण्याचे नाही. माझ्या वडिलांनी पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिलेला बघून बोअर मारली. संध्याकाळपर्यंत अंगणभर राखाडी भुकटी पडली होती, माती ओली होईल इतकंही पाणी नव्हतं.

भावाचं उदाहरण इथे लागू होत नाही. वणीकडे चुनखडी आहे. पावसाचं पाणी तो दगड विरघळवत भेगांच्या नळ्या करतं. अशी नळी सापडली तर चांदी, पण दहा पावलांवर कोरडंही जातं. आपल्याकडे जांभा, म्हणजे चिऱ्याचाच दगड. गोव्यात सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, जांभा तो स्पंजासारखा पितो आणि उतारावरच्या झऱ्यांतून ओहोळात सोडून देतो. त्याखाली शेडी, म्हणजे चिकट माती, मग कठीण खडक. बोअरची केसिंग नेमका हा स्पंजच बंद करते. पुढे सगळी भिस्त खडकातल्या भेगांवर.

म्हणून मी एफडीला हात लावणार नाही. मेअखेर विहीर तळाला गेली की गाळ काढून घ्या, आणि खाली जांभा शिल्लक असेल तर चार-पाच फूट खोल करा. त्याचं कोटेशन तुमच्या दोन वर्षांच्या टँकरखर्चात बसत असेल तर बिनधास्त करा. आधी जलस्रोत खात्यात विचारा. 2002 च्या भूजल कायद्यानुसार नव्या विहिरीला, बोअरला परवानगी लागतेच. छपराचं पाणी विहिरीत सोडलंत तर उत्तमच, पण ते मेपर्यंत टिकेल असं धरून टँकरचे पैसे खर्चून टाकू नका.

भावाला मात्र एक विचारा: त्यांच्या शेजाऱ्याची बोअर किती फुटांवर लागली?