गिऱ्हाईक ओरडत नाही, तोवर?

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्षापासून आहे. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर टॉवेल-चादरींचे व्यापारी वापरतात. जुना कोड वाचताना दिसलं, की बिल झाल्यावर स्टॉक कमी करताना एरर आला तर तो ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडून पुढे काय करायचं ते लिहायची कोडमधली जागा) गिळून टाकलाय. कॅच रिकामा! बिल छापलं जातं, स्टॉक तसाच. साहेब म्हणतात, "गिऱ्हाईक ओरडत नाही तोवर हात लावू नको." काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वयानं लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. माझे वडील अक्कलकोट रोडला मागावर होते. तिथल्या ऑटो लूमवर प्रत्येक उभ्या धाग्यात पत्र्याची पातळ पट्टी अडकवलेली असायची, ड्रॉपर. धागा तुटला की पट्टी खाली पडणार आणि माग थांबणार. मजुरी मीटरवर, त्यामुळे थांबलेला माग कुणालाच नको असायचा. एकानं ड्रॉपर बांधूनच टाकले होते. त्या दिवशी त्याचं कापड सगळ्यांत जास्त निघालं, आणि घडी घालताना त्यात लांबच्या लांब रेघ दिसली. तुमचा रिकामा कॅच म्हणजे तोच बांधलेला ड्रॉपर.

थेराक-25 हे किरणोपचाराचं यंत्र. आधीच्या मॉडेलमधले अपघात रोखणारे हार्डवेअरचे अडसर यात काढले आणि भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. 1985 ते 1987 मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त किरण बसले, काही दगावले. पडद्यावर नुसतं 'मालफंक्शन 54'सारखं काहीतरी यायचं. असल्या संदेशांची ऑपरेटरना इतकी सवय झालेली, की 'पुढे चालू'चं बटण दाबलं जायचं. चादरीच्या स्टॉकनं कुणी मरत नाही, कबूल. पण सवय तीच.

साहेबांशी तत्त्वाचा वाद घालू नकोस, हरशील. एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारून त्याच्या गोडाऊनमधल्या एकाच मालाचे नग मोज. कॉम्प्युटरचा आकडा शेजारी ठेवून दाखव. मग 'सगळा कोड नव्यानं लिहू' म्हणू नकोस, एक दुपार माग. बिल आणि स्टॉक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाल: दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. एरर लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) जाऊ दे, आणि काउंटरवरच्या माणसाला कळेल अशा मराठीत पडद्यावरही येऊ दे. आधीचा चुकलेला स्टॉक डेटाबेसमध्ये गुपचूप बदलू नकोस. मोजणी करून तारखेसह फरकाची नोंद टाक.

तरीही नाहीच म्हणाले, तर हेच सगळं मेलवर लिहून पाठव. व्यापाऱ्यानं तुला थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस.

असले रिकामे कॅच मीही लिहिलेत. त्यापायी एका मार्चअखेरीला गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये बसून दोन दिवस नॅपकिन मोजलेत, डझनावारी.